उशिरा कोण येतं, बाई की दवाखाना?



मागच्या महिन्यात वनहक्काच्या रखडलेल्या दाव्यांसाठी आपण तालुक्याला बैठकीला गेलो होतो. दाव्यांचं बोलणं संपत आलं तेव्हा आरोग्य खात्याच्या एका साहेबांनी सोबत आणलेलं रजिस्टर उघडलं. बोट ठेवून वाचून दाखवलं. ही बाई सहाव्या महिन्यात आली, ही सातव्या, ही तर थेट बाळंत व्हायलाच आली. मग म्हणाले, "जमिनीसाठी एवढे मोर्चे काढता, मग बायांना वेळेवर का आणत नाही? तुमच्या लोकांना कळतच नाही."

त्यावर आपल्यातलं कोणी बोललं नाही. जमिनीचा विषय असता तर दहा जण उठले असते. दंडाच्या पावत्या, पंचनामे, कायद्याची कलमं, सगळं तोंडपाठ आहे. पण बाईच्या पोटाचा विषय निघाला आणि आपण खाली बघत बसलो. बाहेर आल्यावर आपल्यातली एक म्हातारी सुईण म्हणाली, "बाई कदी आली ते त्याच्या वहीत हाय. नर्सबाई पाड्यावर कदी आली ते कोणाच्या वहीत हाय?"

म्हणून हा लेख. परत आल्यावर आम्ही आठ-दहा पाड्यांवर बायांसोबत बसलो. चुलीपाशी, विहिरीवर, बांधावर. विचारलं की मागच्या वेळी दिवस गेले तेव्हा दवाखान्यात पहिल्यांदा कधी गेलीस, आणि त्याआधी का गेली नाहीस. जे ऐकलं ते इथं मांडतो. काही गोष्टी सरकारला लागतील, काही आपल्याला.

लवकर म्हणजे कधी, आणि कशासाठी

आधी हे स्पष्ट करू. सरकारचा नियम सांगतो की गरोदर बाईची नोंद पहिल्या तीन महिन्यांत, म्हणजे बारा आठवड्यांच्या आत व्हावी. नोंद धरून निदान चार वेळा तपासणी व्हावी. धनुर्वाताची इंजेक्शनं, लोहाच्या एकशे ऐंशी गोळ्या, रक्त-लघवीची तपासणी, वजन, रक्तदाब हे सगळं तिला फुकट मिळायला पाहिजे.

हे आम्ही सरकारच्या बाजूनं सांगत नाही. यात खरोखरच अर्थ आहे. आपल्या बायांच्या अंगात रक्त कमी असतं. तपासणीत रक्त अकराच्या खाली आलं तर ते कमी, आणि सातच्या खाली आलं तर जिवाला धोका. कमी झालेलं रक्त भरून यायला महिने लागतात. तिसऱ्या महिन्यात कळलं तर गोळ्या खाऊन, नागली-भाजी-मासे खाऊन भरता येतं. आठव्या महिन्यात कळलं तर वेळच उरत नाही. बाळंतपणात थोडं जास्त रक्त गेलं तरी अशी बाई तग धरत नाही. दुसरी गोष्ट रक्तदाबाची. तो वाढला हे कळायला आधीचा आकडा लिहिलेला असावा लागतो. तिसरी गोष्ट, बाळंतपण अवघड जाणार असेल तर गाडी, पैसे, सोबत, सगळी तयारी करायला वेळ मिळतो.

"आमच्या आया जंगलात बाळंत झाल्या, काय झालं?" असं म्हणणारे आपल्यात आहेत. ज्या वाचल्या त्याच सांगायला उरल्या. ज्या गेल्या त्यांचं कोण सांगणार? आणि तेव्हाच्या बाईच्या ताटात रानभाजी, कंद, मासे, खेकडे, मध होता. जंगलावर खात्याची तारेची कुंपणं पडली, ओढे आटले, तसं ते ताटही रिकामं होत गेलं. जमीन गेली तशी बाईच्या अंगातली ताकदही गेली. हा आपल्याच लढ्याचा विषय आहे.

बाया काय म्हणाल्या

पहिली गोष्ट, पुष्कळ बायांना तिसऱ्या महिन्यापर्यंत कळलेलंच नसतं. ज्या बाईचं पोर अजून अंगावर पितं, तिची पाळी मुळात परत आलेली नसते. चुकली म्हणायला आधी यायला तर पाहिजे. पोट पुढं दिसतं तेव्हा चौथा-पाचवा लागलेला असतो. यात अडाणीपणा कुठं आला? शहरातल्या शिकलेल्या बाईचंही असं होतं. फरक एवढाच की तिच्या कोपऱ्यावर दुकान आहे, तिथं तपासायची पट्टी मिळते.

दुसरी गोष्ट, कळलं तरी पहिले महिने बाई बोलत नाही. काही घरांत नजर लागेल म्हणून. पण एका बाईनं वेगळं सांगितलं. तिचे आधी दोन गर्भ पडले होते. दोन्ही वेळा सगळ्या पाड्याला माहीत होतं, आणि मग सगळा पाडा विचारायला आला. "तिसऱ्यांदा मी कोणाला सांगितलं नाय. पडलं तर माझ्यापाशीच राहील." हिला अंधश्रद्धाळू म्हणायचं आमचं धाडस नाही. हिचं दुःख ऐकून, ते पोटात ठेवणारी कोणी नर्सबाई तिला भेटली असती तर ती सगळ्यात आधी आली असती. कारण तपासणीची गरज तिलाच सगळ्यात जास्त होती.

तिसरी गोष्ट कामाची. हिशेब करून बघा. लग्नसराईत, चैत्र-वैशाखात दिवस गेले तर तिसरा महिना येतो भर आवणीत. त्या दिवसांत बाई पहाटेपासून चिखलात वाकलेली असते. ओढा भरलेला, वाट वाहून गेलेली. एक दिवस गेला तर रोप जून होतं. आवणी, निंदणी, कापणी करता करता दिवाळी येते आणि सहावा लागतो. दिवाळी झाली की उचल घेतलेली असते, टेंपो येतो, आणि सगळं घर भिवंडी-वसईकडं वीटभट्टीवर. तिथं ती कोणाच्याच वहीत नाही. गावची आशा म्हणते ती भट्टीवर गेली. भट्टीकडची नर्सबाई म्हणते ती आमच्या हद्दीतली नाही. आणि जिला भट्टीवरच दिवस जातात, ती पावसाच्या तोंडाशी परत येते तेव्हा तिसरा-चौथा लागलेला असतो, आणि पुढं पुन्हा आवणी.

म्हणजे वर्षात अशी वेळच नाही की बाईकडं एक मोकळा दिवस आहे आणि दवाखाना उघडा आहे.

चौथी गोष्ट अंतराची. आदिवासी डोंगराळ भागात तीन हजार लोकांमागं एक उपकेंद्र असा नियम आहे. सपाटीवर पाच हजारांमागं. ऐकायला बरं वाटतं. पण आपल्याकडं तीन हजार माणसं म्हणजे किती पाडे, किती ओढे, किती चढ? नियम डोकी मोजतो, डोंगर मोजत नाही. दोन तास चालून बाई जाते, तर दाराला कुलूप. नर्सबाई मीटिंगला गेलेली. नर्सबाईंचाही सगळा दोष नाही, हे लिहिणं भाग आहे. एकीच्या गळ्यात एवढे पाडे, एवढी रजिस्टरं, आणि राहायला गळकी खोली. पण बाईची मजुरी बुडाली ती बुडाली. पुढच्या वेळी शेजारीण विचारते तेव्हा ती सांगते, "नको जाऊ, नसते ती."

पाचवी गोष्ट, आणि ही सांगताना बाया आवाज खाली आणत होत्या. तिथं बोलतात कसं. "इतके दिवस कुठं होतीस?" "आणखी किती पोरं काढणार?" "अंघोळ करून यायचं कळत नाही?" भाषा समजत नाही म्हणून एकदा विचारलं तर दुसऱ्यांदा ओरडतात. ज्या बाईला सातव्या महिन्यात गेल्यावर उशिरा आली म्हणून सगळ्यांदेखत बोलणी बसली, ती पुढच्या खेपेला आठव्यात जाते, नाहीतर जातच नाही. आणि तिसरं-चौथं पोर असेल तर ऑपरेशनचं बोलणं पहिल्याच दिवशी सुरू होतं. तपासायला गेलेली बाई ऑपरेशनची भीती घेऊन परत येते. ऑपरेशन करायचं की नाही हे त्या बाईनं ठरवायचं. ते तपासणीच्या दारात आडवं लावायचं नाही.

सहावी गोष्ट नियमांची. जननी सुरक्षा योजनेत आपल्या भागातल्या बाईला दवाखान्यात बाळंत झाल्यावर सातशे रुपये आहेत. पण २०१३ पर्यंत वय एकोणीस पूर्ण लागायचं, आणि पहिल्या दोन बाळंतपणांपुरतेच मिळायचे. म्हणजे अठरा वर्षांची पोर आणि चौथ्या खेपेची बाई, या दोघी तेव्हा बाहेर राहायच्या. धोका कोणाला जास्त? त्याच दोघींना. ज्यांना आधी हात द्यायचा त्यांनाच कागदानं मागं ढकललं. लवकर लग्न झालेली पोर तर वय विचारतील, केस करतील या भीतीनं घरातच लपवली जाते. २००१ पासून पंचायतीत तिसरं मूल झालं की सदस्यपद जातं, हा नियम आल्यावर निवडून आलेल्या घरातही पोटं लपवली जातात. नियम केला कोणासाठी आणि पोट लपवतंय कोण, बघा.

सातवी गोष्ट एका तरुण बाईनं सांगितली. ती शाळा शिकलेली, सगळं कळणारी. तिसऱ्या महिन्यात स्वतःहून गेली. वजनाचा काटा बिघडलेला. गोळ्या संपलेल्या. रक्त तपासायला तालुक्याला जा म्हणाले. हातात एक कार्ड मिळालं, त्यावर नाव आणि तारीख. "मंग लवकर जाऊन काय मिळालं?" याला आमच्याकडं उत्तर नव्हतं. लवकर येणाऱ्या बाईला जर रिकाम्या हातानं परत पाठवलं, तर उशिरा येणारी बाईच शहाणी ठरते.

हे आपल्या घरातलंच आहे

आता आपली बाजू. एका साथीची गोष्ट लिहितो, तिला विचारून लिहितो, नाव देत नाही.

मागच्या वर्षी भाद्रपदात आपण प्रांत कचेरीवर गेलो. ती झेंडा घेऊन पुढं होती. पाचवा महिना चालू. रात्री कचेरीच्या आवारात आपल्यासोबत जमिनीवर झोपली. सकाळी घोषणा दिल्या. आपण तिला शंभरदा बघितलं, आणि एकानंही विचारलं नाही की तुझी नोंद झाली का, रक्त तपासलं का. आपल्या बैठकीच्या वहीत तिच्या प्लॉटचा नंबर होता, किती गुंठे ते होतं. तिच्या पोटाचं काही नव्हतं.

दिवाळीनंतर ती भट्टीवर गेली. पौषात पाय सुजले, मग तोंड सुजलं, डोकं फुटेल असं दुखायला लागलं. शेठ म्हणाला, विटांचा हिशेब होऊ दे, मग जा. तिसऱ्या रात्री झटके आले. नवऱ्यानं टेंपोत घालून नेली. तिथं पहिला प्रश्न, कार्ड कुठं आहे? कार्ड नव्हतंच. बाई वाचली. बाळ नाही वाचलं.

नोंद लवकर झाली असती तर बाळ वाचलंच असतं, असं आम्ही म्हणत नाही. पण तिच्या हातात कार्ड असतं, आधीचा रक्तदाब लिहिलेला असता, सूज आणि डोकेदुखी म्हणजे धोका हे कोणीतरी तिला सांगितलेलं असतं, तर ती तीन दिवस शेठच्या हिशेबाची वाट बघत बसली नसती. एवढं नक्की.

ती आम्हाला म्हणाली, "तुमी माझी जमीन वाचवली. माना नाय विचारलं." हे वाक्य आमच्या छातीत बसलेलं आहे.

जमिनीशी याचा संबंध काय

काही साथी म्हणतील की आपली संघटना जमिनीची, हे काम आरोग्यवाल्यांचं. त्यांना सांगतो. आपले कितीतरी पाडे वनजमिनीवर आहेत. खात्याच्या कागदावर तो पाडा नाही, ते अतिक्रमण आहे. अतिक्रमणाला रस्ता नाही, अंगणवाडीला जागा नाही, आशा बसायला ओटा नाही. "फॉरेस्ट परवानगी देत नाही" हे आपण रस्त्यासाठी ऐकलं, विहिरीसाठी ऐकलं, उपकेंद्रासाठीही ऐकलं. बाई दोन तास चालते ती याच कारणानं.

आणि याचं उत्तरही आपल्याच कायद्यात आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याचं कलम ३(२) काढून वाचा. दवाखाना, अंगणवाडी, शाळा, पिण्याचं पाणी, रस्ता अशा कामांसाठी वनजमीन देता येते. प्रत्येक कामाला एक हेक्टरच्या आत, हेक्टरी पंच्याहत्तरपेक्षा जास्त झाडं न तोडता, आणि ग्रामसभेची शिफारस पाहिजे. शिफारस आपल्या हातात आहे! आपण वैयक्तिक दाव्यांच्या मागं धावलो, ते धावणं गरजेचंच होतं. पण हे कलम आपण किती ग्रामसभांमध्ये वापरलं? बोटं मोजायला बसलो तर लाज वाटेल.

त्याच कायद्यानं पट्ट्यावर नवरा-बायको दोघांची नावं येतात. ज्या बाईचं नाव जमिनीवर आहे, तिचा जीव वाचवणं हेही जमिनीचंच काम आहे.

मग करायचं काय

आमचं मत असं आहे.

एक. दर पाड्यावर दोन बायांनी, एक सुईण आणि एक तरुण शिकलेली, एक वही ठेवावी. कोणाची पाळी चुकली, कोण नोंद झाली, कोण भट्टीवर जाणार. दाव्यासाठी आपण पुरावे जमवले तसंच. पण एक अट. ही वही ग्रामसभेत वाचायची नाही, पुरुषांच्या हातात द्यायची नाही. बाईनं सांगितलं तरच लिहायचं. पोट तिचं आहे, बातमी पण तिची आहे.

दोन. त्याच वहीच्या मागच्या पानावर नर्सबाई पाड्यावर कोणत्या तारखेला आली, काटा होता का, गोळ्या होत्या का, हे लिहायचं. पुढच्या तालुका बैठकीत साहेबांनी त्यांचं रजिस्टर उघडलं की आपण आपलं उघडू.

तीन. आवणीच्या आधी एकदा आणि दिवाळीच्या आधी एकदा, पाड्यावरच तपासणी व्हावी, अशी मागणी दर ग्रामसभेनं ठराव करून पाठवावी. बाई कधी मोकळी असते आणि कधी गाव सोडते हे खात्याला माहीत नसेल तर आपण सांगू. भट्टीवर जाताना कार्ड आणि गोळ्या सोबत असल्याच पाहिजेत. तिथल्या जवळच्या सरकारी दवाखान्यात तपासून घेणं हा तिचा हक्क आहे. "आमच्या हद्दीतली नाही" हे उत्तर चालणार नाही. २०११ पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यात बाळंतपण, औषधं, तपासण्या, रक्त, नेण्या-आणण्याची गाडी फुकट आहे. कोणी पैसे मागितले तर तारीख, जागा, रक्कम लिहून ठेवा आणि संघटनेला कळवा.

चार. वय आणि पोरांची संख्या बघून कोणत्याही बाईला बाहेर काढता कामा नये. ही मागणी आपल्या पुढच्या निवेदनात जमिनीच्या मागण्यांच्या शेजारीच असेल. पोरींची लग्नं लवकर करू नका, हे आपण आपल्या घरात ठणकावून सांगूच. पण लग्न होऊन पोटुशी राहिलेल्या पोरीला शिक्षा करून काय मिळणार?

पाच. सुईणीला बाजूला टाकू नका. पाड्यावर पहिल्यांदा कळतं ते तिलाच. दवाखान्यात जाताना तिला सोबत न्या, आत बसू द्या म्हणून आग्रह धरा. तिच्या सोबतीनं बाई जाते, एकटी जात नाही.

सहा. हे पुरुषांसाठी. तपासणीच्या दिवशी धाकटं पोर कोण सांभाळणार? पाणी कोण भरणार? नांगर एक दिवस थांबला तर शेत ओस पडत नाही. मोर्चाला बाई तुमच्या पुढं चालते, दवाखान्याच्या वाटेवर तुम्ही तिच्यासोबत चाला.

आणि एक गोष्ट करायची नाही. एका पाड्यावर ग्रामसभेनं उशिरा नोंद करणाऱ्या घराला दंड लावायचं ठरवलं, असं कानावर आलं. हेतू चांगला असेल. पण दंडाची पावती फाडणं हे गार्डचं काम, ते आपण शिकायचं नाही. दंड लावला की बाया आणखी लपवतील.

१९९२ साली वावर-वांगणीला पोरं मेली तेव्हा मंत्री आले, गाड्या आल्या, योजना आल्या. मेल्यावर सगळे येतात. आपल्याला कोणीतरी तिसऱ्या महिन्यात यायला पाहिजे.

पुढच्या अमावस्येच्या बैठकीत दर पाड्यावरून दोन बायांची नावं ठरवून आणा. वह्या संघटना देईल. ज्या साथीची गोष्ट वर लिहिली ती स्वतः पहिली वही ठेवणार आहे, तिनंच तसं सांगितलंय.

जल, जंगल, जमीन आमची! आणि आमच्या बायांचा जीवही आमचाच!

जिंदाबाद.